डाव्या गालावर अंधार

माझा भाचा नागपुरात, आमच्या नंदनवनातच दोन गल्ल्या सोडून राहतो आणि केडीके कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. २०२५ च्या सप्टेंबरातली गोष्ट. एका संध्याकाळी तो घरात शिरला, चपला काढायच्या आधीच माझ्या तोंडासमोर मोबाइल धरून फोटो काढला आणि मी "कायले?" म्हणेपर्यंत कोपऱ्यात बसून काहीतरी टाइप करू लागला. चहाला उकळी येईस्तोवर त्याने फोन माझ्याकडे वळवला.

फोनमध्ये मी होतो, असं त्याचं म्हणणं. अंगात काळा स्वेटर, त्याचा गळा पार हनुवटीला भिडलेला. उजव्या बाजूने मऊ उजेड, डावा गाल अंधारात. कपाळावर केसांची एक बट आलेली. माझ्या कपाळावर शेवटची बट आली होती तेव्हा राज्यात युतीचं पहिलं सरकार होतं. नजर खिडकीबाहेर लागलेली. आमच्या खिडकीतून शेजाऱ्यांचा कूलर दिसतो. त्या माणसाला मात्र बहुधा समुद्र दिसत असावा.

"मामा, मूडी ब्लॅक अँड व्हाइट. सध्या सगळे हेच टाकून राहिले."

सगळे म्हणजे खरोखरच सगळे. ऑगस्टच्या शेवटी गूगलने चित्र काढणारं एक नवं यंत्र लोकांच्या हाती दिलं. त्याचं टोपणनाव 'नॅनो बनाना'. पंधरा-वीस दिवसांत ओळखीच्या बायका शिफॉनच्या साड्या नेसून जुन्या हिंदी सिनेमात जाऊन उभ्या राहिल्या आणि पुरुष काळ्या स्वेटरात उदास झाले. आमच्या लेआउटच्या ग्रुपवरचा किराणावाला उधारीची वही काढल्याशिवाय कधी गंभीर होत नाही. तोही एका गालाने विचार करताना दिसला. नागपुरात स्वेटर ही डिसेंबर-जानेवारीतल्या चार आठवड्यांची चैन. सप्टेंबरात इथे पाऊस थांबला की बनियनसुद्धा अंगाला नको होते. पण उदास व्हायचं तर स्वेटर लागतोच, असं यंत्राचं मत पडलं.

मी तो फोटो लगेच डीपीला लावला. एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. दिवस पितृपक्षाचे होते.

आईने रात्री पाहिला. आई ८० वर्षांची आहे, मोतीबिंदू काढल्यापासून तिला नको तेवढं स्वच्छ दिसतं.

"हार कुठं आहे याचा?"

"आई, फॅशन आहे."

"जित्या माणसाचा असा फोटो काढते का कोणी? तेही पितरांच्या पंधरवड्यात?"

तिचं चुकलं नव्हतं. जगनाडे चौकात उभं राहून पाहा. वाढदिवसाचा फ्लेक्स असला की माणूस गॉगल लावून सात रंगांत झळकतो. तोच माणूस गेला की त्याच फोटोतला रंग काढून खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' येतं. फ्लेक्सवाल्याला मानवी जीवनाच्या या दोनच अवस्था ठाऊक आहेत. नागपूरकरांना मिरवणुकीतली काळी मारबत माहीत आहे, पिवळी मारबत माहीत आहे. काळं-पांढरं मात्र आमच्याकडे या एकाच कामाला वापरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याहून बायकोच्या मावशीचा फोन आला. बायको आंघोळीला गेली होती, म्हणून मी उचलला. माझा आवाज ऐकून मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग "कसा आहे तिकडं पाऊस?" एवढंच विचारून त्यांनी ठेवून दिला. दुपारपर्यंत डीपीवर शेगावचे महाराज परत आले.

इथे हे प्रकरण मिटलं असतं. पण संध्याकाळी भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "ते मशीन ह्यांचा एक फोटो काढून देईल का रे?"

'हे' म्हणजे माझे बाबा. २००३ साली गेले. एम्प्रेस मिलच्या कताई खात्यात ३१ वर्षं होते. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, आणि त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. राणीचे फोटो जगभर आहेत. तिच्या नावाच्या गिरणीत सूत कातणाऱ्या बाबांचे एकूण दोन. एक लग्नातला, त्यात मुंडावळ्या तेवढ्या दिसतात. दुसरा एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभाचा ग्रुप फोटो. दुसऱ्या रांगेत सत्कारमूर्तीचा फेटा आणि तिसऱ्या रांगेत, त्या फेट्यामागे, बाबा. भुवयांच्या वर बाबा आहेत, खाली फेटा आहे. मतदार ओळखपत्रावरही एक फोटो होता, पण तो बाबांचा नाही यावर घरात एकमत आहे.

सर्वपित्री अमावास्या २१ तारखेला, रविवारी होती. पाटावर ठेवायला आईला बाबांचा एकट्याचा फोटो हवा होता. यंत्राला दाखवायला चेहरा नाही, म्हणजे बाबा शब्दांतून उभे करायचे. मी आयुष्यभर कचेरीत टिप्पण्या लिहिल्या आहेत. एका माणसाचं वर्णन करायला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं.

आधी हात बसावा म्हणून शुद्ध मराठीत एक मागणी (भाच्याच्या भाषेत 'प्रॉम्प्ट') लिहून पाहिली : 'उदास कृष्णधवल चित्र, एक पुरुष, नंदनवन.'

निघाले ते साक्षात भगवान श्रीकृष्ण. शेजारी शुभ्र गाय. मागे कल्पवृक्ष, हरणं, कमळांनी भरलेलं तळं. कृष्ण मात्र खरोखरच उदास होता. माझ्या मागणीतला तेवढा एक शब्द यंत्राला नेमका कळला होता. आमच्या नंदनवनात कल्पवृक्ष नाही. मागितल्याबरोबर, न कुरकुरता पुन्हा पुन्हा मिळणारी वस्तू इथे एकच, ती म्हणजे पोह्यांवरची तर्री. पण यंत्राला इंद्राचं नंदनवन माहीत आणि ग्रेट नाग रोडवरचं नाही, यात त्याचा तरी काय दोष? ते चित्र आईने ठेवून घेतलं आणि भजनी मंडळाला पाठवलं. तिथे त्याला माझ्या आजवरच्या कुठल्याही लिखाणापेक्षा जास्त हात जोडले गेले.

"मामा, इंग्रजीत लिहा," भाचा म्हणाला, "अन् फोटोग्राफरच्या भाषेत लिहा." त्याने मला एक नमुना दिला. लो की लायटिंग, रेम्ब्रांट लायटिंग, ८५ एमएम लेन्स, एफ १.४, फिल्म ग्रेन, कोडॅक ट्राय-एक्स. मला ते डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं दिसलं. चार दिवसांत एकेका औषधाचा गुण कळू लागला.

लो की म्हणजे चित्राचा बहुतेक भाग काळा ठेवायचा. हा प्रकार विदर्भाने भारनियमनाच्या वर्षांत रोज रात्री घरोघरी केला आहे. एक मेणबत्ती, तिच्याभोवती सहा चेहरे, सगळ्यांचे अर्धे गाल अंधारात, नजरा शून्यात. कुठल्याही चित्रकाराने पाय धरावेत असा देखावा. पण तेव्हा 'काय मूड आहे!' असं कोणी म्हणालं नाही. सगळे डास मारत होते.

रेम्ब्रांटचं प्रकरण जरा खोल आहे. चेहऱ्याची एक बाजू उजेडात, आणि अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एवढासा त्रिकोण. डच चित्रकार रेम्ब्रांट सतराव्या शतकात असे चेहरे रंगवून गेला, पण या उजेडाला त्याचं नाव चिकटलं ते सिनेमावाल्यांमुळे. सिसिल बी. डिमिल या अमेरिकन दिग्दर्शकाने १९१५ च्या 'द वॉरेन्स ऑफ व्हर्जिनिया'त असे अर्धवट उजेडातले चेहरे घेतले. त्याचा भागीदार, पुढे सॅम्युअल गोल्डविन म्हणून गाजलेला, घाबरला. नटाचा अर्धाच चेहरा दिसतो म्हटल्यावर थिएटरवाले पैसेही अर्धेच देतील, ही त्याची चिंता. डिमिलने कळवलं, त्यांना सांग की ही रेम्ब्रांटची प्रकाशयोजना आहे. त्यावर गोल्डविन म्हणाला, मग तर दुप्पट घेऊ! हा किस्सा मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा तो गोल्डविन मला इतवारीतल्या गादीवर, पाठीला लोड देऊन बसलेला दिसतो.

लेन्स आणि रीळ यांचं मात्र मला काही केल्या कळेना. ट्राय-एक्स हे कोडॅकचं नाणावलेलं रीळ. ३५ मिलिमीटरमध्ये ते १९५४ साली आलं. पण इथे कॅमेराच नाही. रीळ कशात घालायचं? न जेवणाऱ्या देवाला मीठ बरोबर आहे का विचारण्यासारखं हे. भाच्याने समजावलं ते असं. यंत्राने कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्याखालचा मजकूर पाहून ठेवला आहे. २०२२ मध्ये आलेलं 'स्टेबल डिफ्यूजन' नावाचं यंत्र ज्या साठ्यातल्या निवडक चित्रांवर शिकलं, त्या साठ्यात ५८५ कोटी जोड्या होत्या : एक चित्र, एक ओळ. हौशी आणि जाणते फोटोग्राफर आपल्या चित्राखाली रीळ आणि लेन्स लिहितात. म्हणून ते नाव घेतलं की यंत्र त्या चित्रांसारखं काहीतरी काढतं. आम्ही नाही का, घराण्याचं नाव सांगितलं की नाकाचा अंदाज बांधत?

चित्र निघतं कसं, हे तर फारच ओळखीचं आहे. सुरुवातीला पडद्यावर नुसत्या मुंग्या असतात. जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण गेलं की दिसायच्या, त्याच. यंत्र पायरी-पायरीने त्या मुंग्या साफ करत जातं आणि तुमच्या शब्दांच्या रोखाने आत चेहरा शोधतं. म्हणजे गच्चीवर ॲण्टेना फिरवणंच की! बाबा वर, आई खिडकीत. "आलं?" "नाही!" "आता?" "थोडं डावीकडे! हां, तिथंच! गेलं!" एकदा बाबा भर पावसात पाऊण तास ॲण्टेना धरून उभे होते, आणि खाली आम्ही ज्यासाठी तो धरायला लावला होता ते छायागीत 'रुकावट के लिए खेद है' म्हणत संपून गेलं. आम्ही प्रॉम्प्ट लिहिणारी माणसं चाळीस वर्षांपूर्वीच होतो. नाव तेवढं माहीत नव्हतं.

एवढं ज्ञान गोळा करून मी बाबांची पहिली मागणी लिहिली : साठीचा गिरणी कामगार, नागपूर, उदास, विचारमग्न, रेम्ब्रांट, ट्राय-एक्स, वगैरे.

इटालियन आला. जबडा असा, की त्यावर नारळ फोडावा. गालावर काजळीचा एक पट्टा, पण जिथे शोभेल तिथेच. हा माणूस गिरणीत गेलाच असेल तर ती विकत घ्यायला गेला असेल. मी 'साधा चेहरा' लिहिलं, तर त्याचाच भाऊ आला. 'थकलेला' लिहिलं तर तोच, पण दोन रात्री झोप न झालेला, त्यामुळे आणखी देखणा. 'थोडं पोट सुटलेलं' लिहिल्यावर यंत्राने चौकटच छातीपाशी कापली. कुरूपपणा, मध्यमपणा, दात पुढे असणं, या आपल्या घराघरांतल्या गोष्टी त्याला कोणी सांगितलेल्याच नाहीत; चित्राखाली 'आमचा मध्यम दिसणारा भाऊ' असं कोण लिहितं?

आणि यंत्र ठामपणे सांगतं म्हणून ऐकावं, तर ते नागपूरकराने तरी ऐकू नये. ३० मे २०२४ ला आमच्या शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवलं होतं. दिवसभर देशात आमचं नाव झालं, फोन आले, जिवंत आहात का म्हणून चौकशा झाल्या. मग हवामान खात्याने सांगितलं, संवेदक बिघडला होता. आम्ही मात्र ते ५६ अजून सोडलेलं नाही. पाहुण्यांना सांगायला बरं पडतं.

भाचा म्हणाला, तुम्ही हसता, पण याला बक्षिसं मिळतात. खरं आहे. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताचं दोन बायकांचं एक उदास, जुनाट वाटणारं, काळं-पांढरं चित्र सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एका गटात पहिलं आलं. ते यंत्राकडून काढून घेतलेलं होतं. लंडनच्या समारंभात त्याने मंचावर जाऊन बक्षीस नाकारलं. असल्या चित्रांसाठी स्पर्धा तयार आहेत का, हेच त्याला पाहायचं होतं. पुढच्या वर्षी छायाचित्रकार माइल्स अ‍ॅस्ट्रेने उलटी खोडी काढली. डोकं पोटाखाली घातलेल्या फ्लेमिंगोचा अस्सल फोटो त्याने दुसऱ्या एका स्पर्धेत यंत्रचित्रांच्या गटात घातला. परीक्षकांनी नंबर दिला, लोकांनी मतं दिली आणि खरं कळल्यावर आयोजकांनी त्याला बाद केलं. फोटो खरा निघाला म्हणून माणूस स्पर्धेतून बाद! मला ती फ्लेमिंगोची बातमी फार जवळची वाटली. तोंड दिसत नाही, तरी फोटो खरा. फेट्यामागचे बाबा दुसरं काय आहेत?

अमावास्येला पाच दिवस उरले असताना वडस्याचे मामा आले. आईचे चुलतभाऊ. झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी हंगामामागून हंगाम प्रॉम्प्टर म्हणून काढले. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर चालणारी ती नाटकं. तालमी कमी, गावं फार; नटाला आज कोणतं नाटक आहे याचा विसर पडला तरी प्रॉम्प्टरला पडून चालत नाही. माझ्या आणि भाच्याच्या बोलण्यात 'प्रॉम्प्ट' शब्द पाचव्यांदा आला, तेव्हा मामांनी जेवता जेवता हात थांबवला.

"मले सांगा. प्रॉम्प्टचं काय अडलं?"

मी त्यांना माझी यादी वाचून दाखवली. उदास, विचारमग्न, गंभीर, खिन्न.

मामांनी भाताचा घास केला. "नटाले 'रड' म्हनलं का तो भोकाड पसरते. त्याले सांगा लागते, 'आज बैल इकला.' मंग पाहा त्याचा चेहरा."

इंटरनेटवर प्रॉम्प्टचे धडे विकणारे लोक आहेत. त्यांच्यापैकी एकाचाही धडा मला या वाक्याइतका उपयोगी पडला नाही. विशेषणं काढून टाकायची, झालेली गोष्ट सांगायची. छायाचित्रकार यूसुफ कार्शला हे ठाऊक होतं. ३० डिसेंबर १९४१ ला ओटावामध्ये चर्चिल त्याच्यासमोर दोन मिनिटांसाठी उभे राहिले. तोंडात चिरूट. कार्शने 'साहेब, जरा उग्र दिसा' असं म्हटलं नाही. त्याने पुढे होऊन तोंडातला चिरूटच काढून घेतला आणि कळ दाबली. महायुद्धातल्या निर्धाराचा चेहरा म्हणून जगाने जो फोटो भिंतीवर लावला, तो चिरूट गेलेल्या माणसाचा आहे.

मी लगोलग लिहिलं : 'चौकात उभा माणूस, ज्याच्या हातून नुकताच घोटलेला खर्रा गटारात पडला आहे.' यंत्राला खर्रा कळणार नाही म्हणून सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून दहा मिनिटं दोन्ही हातांनी घासणे, असा सगळा विधी लिहिला. काय चेहरा आला! डोळ्यांत पाणी नाही, तोंडावर राग नाही, नुसती एक भली मोठी पोकळी. चर्चिल त्याच्यापुढे लग्नाला निघालेला वाटेल.

मग मला नादच लागला. सकाळी साडेसहाला तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जाऊ लागलो. छत्रीच्या काडीला एकच बल्ब लटकवलेला. ठेलेवाला तर्रीच्या गंजावर वाकला की वाफेतून उजेड खालून वर येतो, आणि त्या मिनिटापुरता त्याचा चेहरा एखाद्या ऋषीचा होतो. "कांदा जास्त टाकू का?" विचारलं की ऋषी संपतो. हे लिहून दिल्यावर यंत्राने टोकदार टोपीचा म्हातारा जादूगार आणि त्याची उकळती कढई काढून दिली. कांदा मात्र होता. कॉलेजच्या फाटकाबाहेर निकाल बघणारी पोरं मोबाइलच्या निळ्या उजेडात वाकलेली असतात. तिथे रेम्ब्रांट येऊन उभा राहिला तर त्याला ब्रश धुवायला फुरसत मिळणार नाही. सक्करदऱ्याच्या बाजूचा एक शिंपी तर सुईत दोरा ओवताना असा काही दिसतो, की मी तीन दिवस उगीचच पायजम्याची नाडी बदलायला जात होतो.

शनिवारी बाबांचं आणखी काही सापडतं का म्हणून आईची पत्र्याची पेटी उघडली. बाबांचं काही निघालं नाही. माझं दहावीचं प्रवेशपत्र निघालं, १९८५ चं. त्यावरचा फोटो सीताबर्डीच्या एका स्टुडिओत काढलेला. फोटोग्राफरने काळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवून, हनुवटी दोन बोटांनी खाली दाबून, "श्वास धर, हलू नको" असा दम दिलेला आठवतो. आता पाहतो तर काय! काळी पार्श्वभूमी. एका बाजूने उजेड. डोळ्यांत बीजगणिताची भीती. आणि मुख्याध्यापकांनी फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा मारलेला गोल शिक्का, त्याने माझा डावा गाल बरोबर नाकापर्यंत काळा केलेला. भाच्याने बघितला आणि विचारलं, "मामा, हा कोणत्या ॲपवर केला?"

त्याच रात्री आई आणि मी बसलो. ती सांगणार, मी उतरवणार. जगनाडे चौकाच्या हाकेच्या अंतरावर हे चाललं होतं, म्हणून आठवलं : संताजी जगनाडे महाराजांनी तुकोबांचे अभंग उतरवून घेतले, ते टिकले. त्या लेखकूला सांगणारे तुकोबा होते. माझी सांगणारी घटकेघटकेला विषय बदलत होती.

"नाक कसं होतं बाबांचं?"

"नाकासारखं."

"म्हणजे सरळ, बसकं?"

"मी काय पट्टी लावली होती?"

३८ वर्षांचा संसार. नाक सांगता येईना, कपाळ सांगता येईना, डोळे "चांगले होते" याच्या पुढे जाईनात. मलाही येईनात, हे कबूल करायला हवं. टिप्पण्या लिहिणाऱ्याला बापाचा चेहरा लिहिता आला नाही. तेव्हा मामांचा बैल आठवला, आणि मी विचारणं बदललं. "गिरणीतून आले की काय करत?"

मग मात्र आईला थांबवणं कठीण गेलं. "आले का उंबऱ्यातच उभे राहत. भुवया पांढऱ्या होऊन जात कापसानं. मी म्हणे, आधी बाहेर झटका, मंग घरात या. तर तिथंच उभं राहून घरात पाहत, कोण काय करून राहिलं म्हणून. शर्टाच्या खिशाले शाईचा डाग. धुऊन धुऊन हात गेले माझे, डाग नाही गेला. तिसरं बटण वेगळं. माझ्या पोलक्याचं लावलं होतं, थोडं मोठं. काजात जात नव्हतं, तर रोज चिडत. पण बदलू नाही दिलं."

मी सगळं लिहिलं. रीळ नाही, लेन्स नाही, उदासही नाही.

पहिल्या चित्रात भुवयांवर कापसाऐवजी बर्फ पडला होता. बाबा हिमालयात पोचले होते, मागे देवदार. मी नागपूर, उन्हाळा, गिरणी, असं घालून त्यांना खाली आणलं. दुसऱ्यात भुवया जमल्या, पण शर्टाला टाय आला. आई चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघत होती. "थोडं वय कमी कर. हां. उंबरा लाकडाचा होता. आता मान थोडी डावीकडे. डावीकडे रे! गेलं!"

रात्री साडेअकराला एक चित्र आलं. काळं-पांढरं. दारात उभा एक माणूस, उजेड त्याच्या पाठीमागून, चेहरा जवळजवळ अंधारात. भुवयांवर कापसाचे बारीक तंतू. खिशावर डाग. तिसरं बटण मोठं, अर्धवट काजात अडकलेलं. आईने फोन माझ्या हातातून घेतला, ट्यूबलाइटखाली गेली आणि बराच वेळ बघत राहिली. भाचाही काही बोलला नाही, ही त्याच्या बाबतीत नोंद घेण्यासारखी गोष्ट.

"हे ते नाहीत," आईने निकाल दिला. मग जाता जाता म्हणाली, "शर्ट मात्र ह्यांचाच आहे."

रविवारी पाटावर गिरणीचा ग्रुप फोटोच ठेवला. आईने त्याला हार घातला नाही. त्या फोटोतले दोघे अजून हयात आहेत आणि त्यांच्यातले एक दुपारी आमच्याकडेच जेवायला येणार होते.